माळावरचा मोठा अँटेना

आबाजीनं तिला लांबूनच ओळखलं. बारामतीहून स्कूटीवर येणारी, लांडग्यांचा अभ्यास करणारी प्रगती. मागं ती इंदापूरच्या या माळावर आली होती तेव्हा तिच्या हातात वीतभर अँटेना होता, आणि ती गेली त्याच आठवड्यात त्याच्या मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणातलं एक कोकरू लांडग्यानं उचललं होतं. आज तिच्या खांद्यावर माणसाच्या उंचीचा, आडव्या सळ्यांचा अँटेना होता, आणि जाळीत कालच जन्मलेली कोकरं होती.

कीर्तनात अनोळखी माणसालाही सरकून जागा देणारा आबाजी काठी आडवी धरून उभा राहिला.

"तवा एवढुसा हुता तर एक गेलं. आता आख्खी जाळी रिकामी करतीस व्हय?"

"आबा, हा बोलवत नाही, फक्त ऐकतो. आम्ही लांडग्याच्या गळ्यात बांधलेला पट्टा खुणा पाठवतो, त्या माझ्या कमरेच्या या पेटीत टकटक वाजतात. जुन्या अँटेनानं लांबचं ऐकूच येईना, म्हणून मोठा आणला. कीर्तनात मागं बसलेला म्हातारा कानाला हात लावतो, म्हणून काय बुवा त्याच्याकडं चालत येतात?"

"बुवा न्हाय येत. आमची कारभारीण सारजा येती, ऐकू येतंय का म्हून इचाराया."

प्रगती हसली. आबाजी हसला नाही. पारखून बघायला त्यानं आधी लासुर्णे गावच्या उसाकडं अँटेना धरायला लावला. पेटी नुसती खरखरली.

"आता वढ्याकडं धर."

ओढा जाळीच्या मागंच होता. टक, टक, टक. टाळ धरल्यासारखी पेटी वाजू लागली.

"बोलावलंस! माज्यादेखत बोलावलंस!"

"तो आधीपासूनच तिथं आहे, आबा! भांडू नका, तिकडं पळा!"

काठी आपटत, "इठ्ठल, इठ्ठल" ओरडत आबाजी ओढ्यात घुसला. बाभळीआडून करडी पाठ उठली, गळ्यात काळा पट्टा, आणि पलीकडच्या काठानं पळत सुटली. कोकरं आयांच्या पोटाखाली घुसली होती. सगळी होती.

धापा टाकत तो परत आला. प्रगती अँटेना हळूहळू फिरवत होती. टकटक बारीक होत गेली, मग थांबली.

"गेला," ती म्हणाली.

आबाजी पेटीकडं, मग तिच्याकडं बघत राहिला. पोरीच्या पोटात पाप असेल असं वाटत नव्हतं. पण कोकरं लहान होती.

"आज हितंच ऱ्हा. सारजा पिठलं-भाकर करंल. ऐकत बस, वाजलं की मला उठीव."

"म्हणजे विश्वास बसला?"

"कुठला! बोलावनारच असशील, तर माज्या डोळ्यापुढं बोलाव."