नळीवरचं कुंकू

मुरलीधरपंतांची सारी नोकरी रायफलींच्या नळ्या तपासण्यात गेली. जबलपूरच्या कारखान्यात त्यांच्या हाताखालून जाणारी नळी लांबलचक असायची, कारण तिच्यात पडणारं काडतूसही तसंच, पोटभर दारू भरलेलं. ती सगळी जळून गोळीला ढकलायची तर लांबी हवीच. यात चूक काहीच नव्हती. पंचाईत एवढीच, की निवृत्त झाल्यावर पंतांना जगातलं प्रत्येक काडतूस तसलंच वाटू लागलं.

त्यांची मुलगी समिधा नेमबाज. तिच्या रायफलीचं काडतूस करंगळीपेक्षा लहान, त्यात दारू चिमूटभर. ऐन निवड चाचणीच्या तोंडावर तिची जुनी बॅरल झिजली. खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेची नोकरी या चाचणीवर अवलंबून होती आणि पुढच्या वर्षी समिधा वयात बसणार नव्हती.

रायफली दुरुस्त करणाऱ्या गणपतनं दुकानात दोन बॅरली समोर ठेवल्या, एक लांब, एक आखूड. "दीदी के लिए छोटी ठीक रहेगी, बाबूजी. इसका बारूद तो आधे रास्ते में ही जल जाता है."

"मलाही छोटीच पाहिजे, बाबा," समिधा म्हणाली. "लांब नळीनं उभ्यानं मारताना डावा हात भरून येते माझा. अन् गोळी जितका वेळ नळीत, तितका वेळ हात हलायला मिळते."

"मला काहून शिकवून राहिली?" पंत कडाडले. "जिंदगी गेली माझी यात. लांबच घे."

समिधानं एकदा आखूड बॅरलीवरून हात फिरवला. नळीच्या बाबतीत बाबांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आई होती तेव्हापासूनचं ठरलेलं. "चलो, लांब लावा, भैया," ती म्हणाली.

चाचणीला पंत मागच्या बाकावर ऐटीत बसले होते. झोपून मारताना सगळं झकास झालं. उभ्यानं मारायची पाळी आली आणि नळीचं टोक झुकू लागलं. समिधा रायफल खाली घ्यायची, हात झटकायची, पुन्हा उचलायची. नळीत खोट नाही, हे पंतांना बसल्या जागी कळत होतं. मग खोट कुठे आहे तेही कळलं.

समिधाची निवड थोडक्यात हुकली. दीक्षितपुऱ्यातल्या घरी आल्यावर तिनं रायफल पुसून जागेवर ठेवली. भांडली असती तर पंतांना फार बरं वाटलं असतं.

खंडेनवमीला या घरात हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर पंतांची कारखान्यातली जुनी मोजपट्टी, शेजारी समिधाची रिकामी रायफल. समिधानं मोजपट्टीला हळदकुंकू वाहिलं. मग बोट कुंकवात बुडवून नळीच्या मागच्या टोकापासून रेघ ओढत नेली आणि मध्येच थांबली. पुढची नळी तशीच काळी राहिली.

"अगं, टोकापर्यंत लाव ना," पंत म्हणाले.

"दारू इथंच संपते, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. "गोळीसाठी एवढीच पुरे होती. पुढची तुमच्यासाठी घेतली मी."

कुंकवाचा करंडा तिनं त्यांच्या हाती दिला आणि कापूर आणायला आत गेली. पंतांनी बोट कुंकवात बुडवलं. पण राहिलेल्या नळीला ते लावायचा त्यांना धीर झाला नाही. ती कापूर घेऊन आली तरी ते लाल बोट तसंच धरून बसले होते.