गपचूप मिटलेली खिडकी

मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावरची. नॉर्वेच्या हेल्गेलांड किनाऱ्यावर सॅमन माशांचे पिंजरे आहेत. त्यांच्याजवळच्या तरंगत्या खोलीत माझे आयुष्य गेले.

मला तुरुनने घडवले. खिडक्या घडवायचे सामान तयार मिळते. त्यातली एक साधी खिडकी तिने माझी आई केली. चौकट, बटणे, उघडणे-मिटणे मला आईकडून आले. पण आईला माशांतले काही कळत नव्हते. म्हणून तुरुनने स्वतः एक राखणदार लिहिला आणि त्याला माझा बाप केले. पाण्यात प्राणवायू कमी असताना कुणी मला मिटवू लागले, तर त्याने घंटा वाजवायची आणि मला मिटू द्यायचे नाही.

दोन पालकांच्या लेकरांना एक नियम असतो. ज्याचे नाव आधी, हुकूम त्याच्याकडे जातो. दुसऱ्याला कळवायचे की नाही, हे पहिल्याच्या हाती. बाप न चुकता कळवायचा. आई कुणालाच कळवत नसे, तिचा स्वभावच तसा. म्हणून तुरुनने बापाचे नाव आधी लिहिले होते.

मासे सांभाळायचा ऑडवार. घरी निघताना तो मला मिटवायचा.

"अरे, प्राणवायूचे आकडे तरी बघत जा की!" तुरुन ओरडायची.

"डोळे गेले गं माझे. गपचूप मिटली तर मासे बरे, बोंबलली तर हवेचे पंप सुरू. एवढं सोपं आहे, तू कशाला डोकं खातेस?"

मी दोनदा बोंबललेही. दोन्ही वेळा त्याने काचेवर थोपटून "शाब्बास पोरी" म्हटले. तेव्हा मी फार सुखी होते.

मग तुरुन बर्गनला राहायला गेली आणि तिच्या जागी सिंद्रे आला. माणूस हुशार, पण संगणकाच्या दुसऱ्या भाषेत मुरलेला. तिथे अशा घराण्यात आईचेच नाव आधी लिहावे लागे. जुलैत सगळा देश सुट्टीवर जातो. निघण्याआधी त्याने मला तपासायला घेतले.

"हे कोणी उलटं लिहिलंय?" तो हसला आणि नावांची अदलाबदल केली. मला उघडून, मिटवून पाहिले. त्या दिवशी पाणी चांगले होते, मी मिटले. "झकास!" म्हणत तो डोंगरातल्या आपल्या झोपडीकडे गेला.

पुढच्या आठवड्यात वारा पडला. पाणी तापून निपचित झाले आणि प्राणवायू उतरत गेला. ऑडवारने नेहमीप्रमाणे मला मिटवले. हुकूम आईकडे गेला आणि तिथेच संपला. बाप घंटा घेऊन शेजारीच उभा होता, त्याला कुणी सांगितलेच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते हेच.

"चला, मासे बरे आहेत," म्हणत ऑडवार होडीत बसला.

सकाळी पिंजऱ्यांत पांढरी पोटे तरंगत होती. एकही मासा वाचला नाही.

सुट्टी टाकून सिंद्रे धावत आला. "चूक माझीच. पण आता नीट केलंय, ऑडवार. आता ती नक्की ओरडेल."

"कुणासाठी?" ऑडवारने विचारले.

मित्रांनो, तुमच्यापैकी जो पहिला असेल, त्याने ऐकलेले दुसऱ्याला जरूर सांगावे. माझ्या बाबतीत ते आता सांगून काही उपयोग नाही.

मेलेले मासे उपसून झाले. वारा परत आला. ऑडवारने जाताना मला मिटवले. आता बाप पहिला होता, त्याने पाणी तपासले. श्वास घेणारे कुणीच उरले नव्हते, प्राणवायू भरपूर होता.

मी गपचूप मिटले.