चार जास्तीच्या सळया

पनागरच्या रस्त्यावर नाल्यावरचा दगडी पूल पाडून तिथे काँक्रीटचा बांधायचे ठरले, तेव्हा दिवाकर देवपुजारी यांना खात्री होती की आराखडा आपल्याकडेच येणार. जबलपूर विभागात त्यांची पंधरा वर्षे नोकरी झाली होती. रस्त्यांखालच्या मोऱ्या आणि दगडी कमानी ही त्यांची कामे. त्यांच्या एकाही कमानीला कधी तडा गेला नव्हता.

आराखडा अच्युत पाठराबेकडे गेला. अच्युत पुण्याच्या कॉलेजात त्यांच्या मागे शिकलेला. मुंबईत एका कंपनीत काँक्रीटचे काम शिकून तो खात्यात आला होता. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती आणि ती या पुलावर ठरणार, हे ऑफिसच्या चपराशालाही ठाऊक होते.

खात्याची पद्धत अशी होती की एकाने मांडलेले गणित दुसऱ्याने स्वतंत्रपणे करून पाहायचे, आणि दोन्ही जुळल्यावरच आराखड्यावर सही करायची. तपासणीसाठी देवपुजारींचे नाव निघाले.

त्याच आठवड्यात गणपतीच्या मंडपात वकील भय्यासाहेबांनी त्यांना सर्वांसमोर गाठले. "काय दिवाकरराव, आजवर पावसाळ्यात तुमच्या मोऱ्यांवरून पाणी जायचं. आता म्हणे अच्युतरावांच्या पुलाखालून जाणार!"

लोक हसले. अच्युत घाईने म्हणाला, "असं नाही जी, भय्यासाहेब. भाऊंच्या सहीशिवाय माझ्या पुलाची एक सळई हलत नाही."

दिवाकररावांना भय्यासाहेबांचा राग आला नाही. अच्युतने बाजू घेतली, ते मात्र घरी पोचेपर्यंत डोक्यात राहिले.

त्यांनी गणित तपासायला घेतले. एकदा केले, मग दुसऱ्या रीतीने केले. प्रत्येक आकडा जुळला. आराखडा नुसता बरोबर नव्हता, नेटका होता. जिथे आपण दोन ओळी लिहिल्या असत्या तिथे अच्युतने एकीत भागवले आहे, हे त्यांच्या ध्यानात येत होते.

"अहो, काहून बसून राहिले इतके दिवस त्याच कागदांवर?" अनसूयाबाईंनी विचारले. "चुकला का तो?"

"नाही."

"मग करा ना सही!"

त्यांनी सही केली, पण त्याआधी एक बदल केला. प्रत्येक तुळईच्या तळाशी अच्युतने आठ सळया दाखवल्या होत्या. दिवाकररावांनी बारा केल्या आणि कारण लिहिले: पुढेमागे तोफांचे गाडे जातील. तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या जबलपुरात या कारणाला कोणी नाही म्हणत नसे. तुळईची रुंदी तेवढीच राहिली. दगडी कामात जास्तीचे कधी नडत नाही. कमान जाड केली तर ती जाड होते, एवढेच. दिवाकररावांचा हात त्याच कामाला सरावला होता.

अच्युत आराखडा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला. "भाऊ, इतक्या दाट सळयांमधून खडी खाली उतरणार नाही. आठ पुरतात. नाहीतर तुळई रुंद करू."

"रुंद केली की वजन वाढलं, पुन्हा सगळं गणित आलं. मोठ्या साहेबांना कळवू का, पाठराबे मजबुतीला नाही म्हणून राहिले?"

अच्युतने आराखड्याची गुंडाळी केली. "चलो, ठीक. खडी बारीक घेतो."

थंडीत काँक्रीट ओतले गेले. मजुरांनी लोखंडी गजांनी कोचून कोचून ते खाली बसवले. ते पुरेसे कडक झाल्यावर एका सकाळी खालच्या फळ्या काढल्या. पहिली तुळई गुळगुळीत निघाली. दुसरीच्या तळाशी सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावर नुसती खडी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, अडकून बसली होती. बोट घातले तर पेरभर आत जात होते.

दिवाकररावांना आधी आनंद झाला. मग त्यांनी सळया पाहिल्या.

नागपूरहून मोठे साहेब आले. नाल्यात उतरून त्यांनी काठीने तुळई टोचली. खडे गळून पडले. "सळया इतक्या दाट कशा?"

दिवाकररावांचे उत्तर तयार होते. ओतण्यात हयगय झाली, असे ते सांगणार होते. अच्युत आधी बोलला.

"आराखडा माझा आहे, साहेब. ओतलंही माझ्या देखरेखीखाली. खडी अडेल हे ठाऊक असून मी अडून बसलो नाही. तुळई तोडून माझ्या जबाबदारीवर नवी ओततो."

साहेबांनी काठी खाली टेकली आणि अच्युतकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. मोठे काम कोणाच्या हाती द्यावे हे ठरवताना वरिष्ठ असे पाहतात. पंधरा वर्षांत आपल्याकडे असे कोणी पाहिले नाही, हे दिवाकररावांना त्या क्षणी कळले. पूल त्याचा होता, गणित त्याचे होते, आणि आता चूकही तोच घेऊन चालला होता.

"त्या चार सळया माझ्या आहेत," ते म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "पाठराबेंनी हरकत घेतली होती. मी मानली नाही."

"गणितात कमी पडत होतं?"

"नाही."

"मग?"

दिवाकरराव उघड्या सळयांकडे पाहू लागले. साहेबांनी आणखी विचारले नाही. ते वर चढून मोटारीकडे गेले.

अच्युत जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. "भाऊ, हे बोलायला छाती लागते."

"तू बोललास म्हणून बोललो मी."

अच्युतला तो विनय वाटला.

आठ सळयांची नवी तुळई ओतली गेली आणि पूल पावसाळ्याआधी सुरू झाला. अच्युत एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाला. पहिल्याच बैठकीत त्याने ओव्हरसियरांना नाल्यातला तो प्रसंग सांगितला. साहेबांची काठी, गळणारे खडे, मग सगळे गप्प असताना देवपुजारींनी स्वतःहून दिलेली कबुली. खोलीतले सगळे मागे वळून दिवाकररावांकडे आदराने पाहू लागले.

दिवाकरराव मान खाली घालून ऐकत होते. प्रसंग त्याने फार चांगला सांगितला. आपल्याला तो इतका चांगला सांगता आला नसता, असे त्यांच्या मनात आले, आणि त्याचाही त्यांना हेवा वाटला.