तेवीसशे सतरावी चौकट

या, असे पुढे सरकून बसा. टाळ जरा मांडीवर ठेवा. आज पुराणातलं आख्यान नाही, आपल्या या लष्कर भागातल्या कॉलेजातलंच सांगतो.

गणित शिकवणाऱ्या वनमालेने आपला आणि विभागप्रमुखांचा, असे दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात आकडे आकड्यांवर बसले. तेवीसशे सतराव्या ओळीशी तिचं बोट थांबलं.

तिच्या कागदावर तिथे छपाई फिकी आली होती, म्हणून तिने आकडा पेनाने गिरवला होता. तीनच्या जागी आठ. कम्प्युटरमध्ये तीनच होता. चूक फक्त तिच्या हाताची. आणि विभागप्रमुख रघुनाथरावांच्या स्वच्छ छापील कागदावरही तिथे आठच होता.

सहा वर्षं दोघे एकच गोष्ट सिद्ध करत होते: तीन समीकरणांतून निघणारी ती गती खरोखर बेबंद आहे, नुसती चित्रात तशी दिसते असं नव्हे. अशा गतीत केसाएवढी चूक बघता बघता डोंगर होते. म्हणून प्रत्येक उत्तर खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या चौकटीत कोंडायचं. अशा चार हजार चौकटी. आणि दोघांनी त्या वेगवेगळ्या मशीनवर, एकमेकांचं न बघता काढायच्या. छापायला गेलेल्या लेखात तसं लिहून दिलं होतं.

"सर, तुम्ही हे मशीनवर चालवलंच नाहीत."

रघुनाथरावांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"टाइप केलं. तुझ्या कागदावरून. एका बोटाने, चार महिने."

"चालवलं असतं तर अकरा दिवसांत झालं असतं!"

"येत नाही मला ते. पहिल्या वर्षी विचारायची लाज वाटली. मग फारच उशीर झाला." ते थोडं हसले. "आणि बेटा, एक आकडाच तर आहे. कोण बघतंय?"

"हे तुम्ही म्हणता? फळ्यासमोर उभं राहून पोरांना काय शिकवता मग?"

त्यांनी टेबलावरचं पाकीट पुढे सरकवलं. राज्याचे दोन भाग होणार होते. विभागातल्या एकाला रायपूरला जावं लागणार होतं. दोघांनी मिळून पूर्ण केलेल्या कामासाठी वनमाला इथेच हवी, असं त्यांनी भोपाळला लिहिलं होतं; पत्र अजून टपालात पडायचं होतं.

"लेख मागे घेतलास तर हे पत्र खोटं पडेल. मुलगी दहावीला आहे ना तुझी?"

हे मात्र त्यांनी तिच्याकडे बघून विचारलं.

वनमालेने पाकिटाच्या चार घड्या घालून ते पर्समध्ये टाकलं. मशीनच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढली.

"बसा."

"मी?"

"मी केलं तर ती माझीच दुसरी खेप. बसा, सर."

तिने हात पाठीमागे बांधून घेतले.

"आधी ते बटण. ते नाही हो, डावीकडचं. हां."

पहिली चौकट पडद्यावर उमटली. रघुनाथराव त्या चौकटीकडे बराच वेळ बघत राहिले.

दर शंभर चौकटींनंतर मशीन पुन्हा सुरू करावं लागे. नवव्या दिवशी तिचा रायपूरच्या बदलीचा आदेश आला, तेव्हा सातशे उरल्या होत्या.

"निकाल लागला की फोन करतो तुला," ते म्हणाले. बोट कळफलकावरच होतं.

"मला नको. संपादकांना करा."

तर मंडळी, आता आरतीला उठाल. ज्योतीवरून हात फिरवाल तेव्हा रायपूरच्या गाडीत एकटी बसलेल्या वनमालेची आठवण ठेवा. मुलगी परीक्षेसाठी मागेच राहिली होती.