पांढऱ्या रानातली दमणी

पहिलटकरीण सातव्यात माहेरी आणायची असते, हे सूर्यभानला काय ठाऊक नव्हतं? पण विलायतेला कापूस हवा झाला अन् साऱ्या वऱ्हाडाला वेड लागलं. माणसांनी गाडीवाटासुद्धा नांगरून पऱ्हाटी लावली. वेचणी संपून उलंगवाडी झाली, झाडांवर बोंडांची रिकामी टरफलं राहिली, तोवर हा बाबा शेतातून हलला नाही. बायको गोदाबाई रोज कान उपटायची. लेक जयवंताला भाऊ नाही, म्हणून तिला माहेरी आणणारा मुराळी व्हायचं बापानंच. अखेर नववा लागल्यावर स्वारीनं दमणी जुंपली अन् चांदूर बाजाराकडच्या सासरहून लेकीला घेऊन घरची, बडनेऱ्याची वाट धरली.

दुपारी आभाळ फाटलं. अशा गारा, की दमणी एका चिंचेखाली घालून सूर्यभान बैलांची तोंडं धरून उभा राहिला. थांबल्या तेव्हा त्यानं वळून पाहिलं अन् "बाप्पा!" एवढंच म्हणाला.

जमीन काळी नव्हतीच. नजर जाईल तिथवर पांढरंधोप. बद्रीकेदारहून आलेला एक गोसावी पांढऱ्या जमिनीच्या गोष्टी सांगायचा, तेव्हा सूर्यभान त्याला गांजा कमी ओढ म्हणायचा.

जयवंतानं पडदा सारला. "बाबा, पाहा नं! उलंगवाडी झाली अन् पऱ्हाटीले पुन्हा कापूस फुटला!"

खरंच, एकेका रिकाम्या बोंडात एकेक गार बसली होती. सूर्यभाननं एक वेचून तोंडात टाकली, दात कळवळले, अन् बापलेक पोट धरून हसले. हसता हसता जयवंतानं दमणीची दांडी घट्ट धरली.

"बाबा, कळा येऊन राहिल्या वो."

सूर्यभान घाईनं दमणीवर चढला. वाट शोधू लागला, पण जिथं पाहावं तिथं गारा अन् पऱ्हाट्या. मग कुणीही वऱ्हाडी कास्तकार करील तेच त्यानं केलं. कासरा ढिला सोडला. माणूस चुकंल, बैल घर चुकत नाही.

बैल कसे झपाझप निघाले! उजवीकडचा नवा बैल तर जुन्या पवळ्याला ओढतच चालला. सूर्यभानचा जीव भांड्यात पडला. पण पुढं एक मारुतीचं देऊळ लागलं, त्यानं जन्मात न पाहिलेलं. अन् मग डोक्यात उजेड पडला. नवा तर दिवाळीनंतर चांदूरच्या बाजारातून आणलेला! त्याचं घर कोणतं?

"अकलेचा कांदा मी!" म्हणत त्यानं चाबूक उचलला.

"मारू नका त्याले," आतून जयवंता कण्हली. "जाऊ द्या. कुठी तरी मानसं असतील."

गाव आलं. नवा एका दारापुढं थांबला अन् हंबरला. आतून एक म्हातारी धावत आली, ती थेट बैलाच्या गळ्यातच पडली. "लाखन! माह्या लेकरा! आला रे तू?"

"मावशी, बैलाचं मंग पाहा," सूर्यभान रडवेला झाला. "माही पोर अडली हाय."

म्हातारीनं, पार्बताबाईनं, पडदा वर करून पाहिलं. पदर खोचला. "मंग उभा काहून राहिला? उचल तिले! अवो सूनबाई, पाणी ठेव!"

सूर्यभान गोठ्यात जाऊन बसला. वळचणीवरच्या गारा विरघळून टपटपत होत्या. जेवढे आठवले तेवढे देव त्यानं पुकारले. दिवेलागणीला आतून ट्यँहा ऐकू आलं, तशी त्यानं पागोट्यात तोंड खुपसलं अन् मोकळेपणी रडला.

"नात झाली तुले," पार्बताबाई दारात आली. "मायलेकी खुशाल हायेत."

"तुमचे लई उपकार, मावशी. पण घरी काय तोंड दाखवू? पहिलं बाळंतपण म्हायेरी व्हावं लागते. भाऊ असता तर येळेवर आनली असती तिले."

"कोन म्हणते तिले भाऊ नाही?" म्हातारी डाफरली. "तुह्या दावणीचा बैल तो तिचा भाऊ नव्हं? याच दारात जन्मला, माह्या हातचं खाऊन वाढला. बहिणीले आपल्या घरी घेऊन आला. मुराळी हा हाय, तू नाही!"

तिनं त्याच्या हातात भाकर अन् गूळ दिला. मुराळ्याला आधी जेवू घालायची रीत. सकाळपासून सूर्यभानच्या पोटात काही नव्हतं. तरी तो उठला, गोठ्यात गेला, अन् भाकरीवर गूळ ठेवून ती बैलापुढं धरली.

"खाय, लाखन," तो म्हणाला. इतके दिवस त्यानं त्याला नावच ठेवलं नव्हतं.