शिव्यांचा धनी

मी विमान बोलतोय. म्हणजे माझं जेवढं उरलंय, तेवढं बोलतंय. गडमुडशिंगीतल्या एका घरात कॉम्प्युटरशेजारी एक काळा दांडा ठेवलाय. वैमानिक मला वळवायला हातात धरायचा, तोच हा. बाकीचा मी उद्यमनगरातल्या भट्टीत गेलो. माझ्या पंखांची आतापर्यंत कुठल्या तरी पंपाची झाकणं झाली असतील.

मी लढाऊ जातीचा. परदेशातून खोक्यांत सुटा सुटा आलो आणि इथल्या माणसांनी मला जोडलं. माझ्या जातीची विमानं मुळातच थोडी झाली, त्यातली बरीचशी पडली. माझं खरं नाव सांगून उपयोग नाही, कोल्हापुरात ते कुणाला धड उच्चारता आलं नाही. इथं मी शेवटपर्यंत 'कालिजातलं इमान' होतो.

लढाईत मी काय दिवे लावले ते विचारू नका. सरहद्दीपर्यंत गेलो आणि परत आलो, एवढंच. माझ्या गोळीनं शत्रूचा कुणी मेला असेल तर मला ठाऊक नाही. माझ्यात बसून मेलेला एकच माणूस मला ठाऊक आहे, आणि तो आपला होता.

त्याचं नाव बाळासो. गडमुडशिंगीचाच. माझी देखभाल करणाऱ्या टोळीत तो होता. सकाळी शेडमध्ये आला की माझ्या नाकावर थाप मारून म्हणायचा, "काय पावणं, झोप झाली काय?" बाकीचे मला नंबरानं ओळखायचे. हा एकटाच बोलायचा. त्याला गावाकडं बायको होती, मीनाबाई. नुकतंच पोरगं झालं होतं, प्रसेनजीत. पोराला दात आल्याची बातमी बाळासोनं आधी मला सांगितली आणि मग सोबत्यांना.

आता माझ्या खुर्चीबद्दल सांगायला हवं. विमान पडायला लागलं तर वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची असते. तिच्याखाली दारू भरलेली असते. हवेत असताना ती उडाली तर माणूस वर फेकला जातो, छत्री उघडते आणि जीव वाचतो. मी जुना. माझी खुर्चीही जुन्या काळातली. जमिनीवर उभा असताना ती उडाली तर छत्री उघडायला उंचीच मिळत नाही.

त्या दिवशी चहा पिऊन बाळासो माझ्यात येऊन बसला. काहीतरी घट्ट करत होता आणि तोंडानं गुणगुणत होता. खुर्ची उडाली. शेडला छप्पर होतं. यापुढं मला सांगता येत नाही.

का उडाली, कुणाचं चुकलं, याची चौकशी झाली. मोठमोठी माणसं माझ्याभोवती फिरली आणि निघून गेली. मला नवी खुर्ची बसवली आणि मी परत उडायला लागलो. गावात मात्र बंद पेटी गेली. ती उघडू दिली नाही. मीनाबाईंना नवऱ्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

पुढं मी म्हातारा झालो. इंजिन काढलं, खुर्ची काढली आणि कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेला मला शोभेसाठी देऊन टाकलं. कॉलेजच्या दारात सिमेंटच्या चौथऱ्यावर मी चढलो. मंत्री यायचा झाला की मला रंग लावायचे. धुवायचे नाहीत, नुसता रंग. खाली गंज, वर रंग, त्यावर परत गंज. खंडेनवमीला नाकाला हळदकुंकू आणि झेंडूची माळ. ती माळ दिवाळीपर्यंत तशीच वाळत लोंबायची. पोरांनी माझ्या पोटावर खिळ्यानं बदाम काढले, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्या पंखाला बांधले. शहराला माझी सवय झाली आणि कुणी वर बघेनासं झालं.

मीनाबाई मात्र यायच्या. बाळासोच्या एका जुन्या सोबत्यानं माझा नंबर ओळखून त्यांना सांगितलं होतं, हेच ते. तेव्हापासून दर वर्षी बाळासो गेला त्या तारखेला त्या यायच्या. सकाळी घरात बुद्धवंदना, पुण्यानुमोदन, आल्यागेल्याला जेवण. दुपारी पांढरं लुगडं नेसून एसटीनं माझ्याकडं. आणि आल्या की शिव्या.

"मुडद्या, हुबा हाईस न्हवं अजून? माझा माणूस गिळून हुबा हाईस. कुत्रं सुदिक खाल्ल्या अन्नाला जागतंय. त्येनं तुला लेकरागत पुसला, आणि तू? गंज रं, असाच गंजून गंजून मर."

वॉचमन पहिल्यांदा त्यांना हाकलायला धावला. पुढं पुढं खुर्ची आणून द्यायला लागला. शिव्या देऊन दम लागला की मीनाबाई माझ्या चाकाला टेकून बसायच्या. पदरानं तोंड पुसायच्या आणि हलक्या आवाजात घरातलं सांगायला लागायच्या. प्रसेनजीत शाळेत लागला. प्रसेनजीतचं लगीन झालं. नात झाली. हे माझ्यासाठी नसायचं, मला कळायचं. बाळासोला शेवटचं बघितलेला मीच होतो, म्हणून त्याचा पत्ता माझ्यापाशी.

ती नात म्हणजे संघप्रिया. लहानपणी आजीचा हात धरून यायची आणि शिव्या ऐकून खुदकन हसायची. मोठी झाली, राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत लागली. तिथं परदेशी गेमसाठी कॉम्प्युटरवर वस्तू तयार करायचे. बंदुका, गाड्या, विमानं. जगभरची माणसं त्या विमानांत बसून घरबसल्या लढाया करतात. एकदा गेमवाल्यांनी विचारलं, कुठल्याच गेममध्ये नसलेलं एखादं दुर्मीळ विमान तुमच्याकडं आहे का? संघप्रियाला मी आठवलो.

ती टेप, कॅमेरा आणि शिडी घेऊन आली. सोबत मीनाबाई. त्यांना हे बिलकूल पटलेलं नव्हतं.

"ह्येला कशाला जित्ता करतीयास?"

"आजी, ह्ये पाडून पार्किंग करायचं म्हणालेत. गेममध्ये आलं की लांबनं लोक बघायला येतील. मग पाडायला कोण धजणार न्हाय."

"पाडू दे की."

मीनाबाई माझ्या चाकाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि पाडलं तर मी कुणाकडं येऊ?"

तेवढ्यासाठीच पोरगी राबत होती. माझ्या अंगावरचे रंगाचे थर खरवडून तिनं खालचा खरा रंग शोधला. रोज कामावरून सुटली की यायची. माझ्या पोटाखाली उताणी पडून फोटो काढायची. जाणारी पोरं टिंगल करायची, "मॅडम, गॅरेज टाकलंय काय?" इतक्या वर्षांत माझ्याकडं इतकं निरखून बघणारी ती दुसरीच. पहिला बाळासो. त्याच्यासारखीच तीसुद्धा काम करताना गुणगुणायची. त्याला तिनं कधी बघितलंही नव्हतं.

मला वाटलं, वाचलो.

काम होत आलं तशी ती संस्थेच्या चेअरमनकडं गेली. ऋतुराजदादा, संस्थापकांचा नातू. तिनं माझ्या चौथऱ्यापाशीच लॅपटॉप उघडून त्यांना पडद्यावरचा मी दाखवला. नवाकोरा, ढगातून जाणारा. दादा बघतच राहिले.

"आयला, खिळा न् खिळा घेतलाईस की. काय ऱ्हायलंच न्हाय."

"व्हय दादा. सगळं मापानं हाय," संघप्रिया अभिमानानं म्हणाली.

"मग झालं तर. आता कायमचं टिकलं ह्ये. जगभर दिसणार." दादांनी माझ्या पायावर दोन थापा मारल्या. "ह्यो पत्रा आता कशाला ठेवायचा? पोरांच्या डोस्क्यात पडला तर केस आमच्यावर."

संघप्रियाच्या तोंडचं पाणी पळालं. ती पुष्कळ बोलली, हातापाया पडली, दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन आली. प्रसेनजीतनं आपल्या वडलांची हकीकत सांगितली. दादांनी शांतपणे ऐकली, चहा पाजला आणि म्हणाले, "वाईट झालं बघा." पण निर्णय झाला होता. पोरीनं मला वाचवायला जे केलं, त्याच्याच आधारानं मला मोडलं. वरून, हवाईदलाकडून, परवानगी मागितली की नाही, मला सांगता येणार नाही.

गॅसकटर घेऊन गुंडू नावाचा माणूस आला. आधी पंख, मग शेपूट. कापत होता त्याच्या वरच दादांनी मोठा फ्लेक्स लावला होता. 'आपल्या कॉलेजचे विमान जागतिक गेममध्ये, हार्दिक अभिनंदन.' फ्लेक्सवर पडद्यावरचा मी आणि दादांचा हात जोडलेला फोटो. संघप्रिया दिवसभर तिथंच उभी होती. शेवटी गुंडूनं माझा दांडा उपटला आणि तिच्या हातात दिला. "घ्या ताई. ह्येचं रबर भट्टीत नुसतंच जळतंय."

असा मी गडमुडशिंगीला आलो. बाळासोच्या घरात. तो इथं बंद पेटीतून आला होता आणि मी असा, नुसता दांडा होऊन.

गेमवाल्यांचा निरोप आला. विमान छान झालंय, फक्त खुर्ची राहिली. खुर्ची जशी होती तशीच वागली पाहिजे, खेळणाऱ्यांना खोटं चालत नाही. संघप्रियानं जुने फोटो मिळवले, माहिती काढली आणि खुर्ची बनवली. तीन वेळा बटण दाबलं की उडणारी. हवेत उडाली की छत्री उघडायची. मग तिनं मला जमिनीवर उभं करून बटण दाबलं. पडद्यावर काय झालं ते मी टेबलावरून बघितलं. तिनंही बघितलं. लॅपटॉप मिटून ती अंगणात जाऊन बसली. पण बदललं नाही. काम चोख होतं, तसंच पाठवून दिलं.

मग बाळासोची तारीख आली.

सकाळी वंदना झाली, जेवणं झाली. दुपारी मीनाबाई नेहमीसारखं पांढरं लुगडं नेसल्या, पिशवी घेतली, चप्पल घातली. आणि उंबऱ्यातच थांबल्या. कुठं जायचं? परत आत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

"आजी, हिकडं ये," संघप्रिया म्हणाली. "इमान दावते तुला."

पडद्यावर मी उडत होतो. खाली हिरवं रान. मीनाबाई डोळे बारीक करून बघत होत्या. मला वाटलं आता शिव्या सुरू होतील, मी तयारच होतो. समोरून दुसरं विमान आलं, त्यानं मला पेटवलं. संघप्रियानं बटण दाबलं. काच उडाली, खुर्ची उडाली, पांढरी छत्री उघडली आणि तिला लोंबकळत एक माणूस सावकाश खाली यायला लागला.

"ह्यो जित्ता हाय?"

"व्हय आजी. वाचतो त्यो."

"परत दाव."

संघप्रियानं परत दाखवलं. मग परत. मीनाबाईंचं माझ्याकडं लक्षच नव्हतं, मी पेटून कुठं पडतोय त्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. त्या फक्त त्या माणसाचे पाय जमिनीला लागेपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "परत." चहा निवून गेला. प्रसेनजीत दारात येऊन उभा राहिला, त्याला आत येववेना.

मग त्या म्हणाल्या, "आता भुईवर हुबं असताना कर की."

संघप्रियाचा हात थांबला.

"शेडमधी हुबं हाय असं कर. आणि दाब ती खुर्ची. बघू दे मला."

"भुईवर असताना त्ये बटनच चालत न्हाय आजी."

मीनाबाईंनी नातीच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "बरं," म्हणाल्या.

उठताना त्यांनी टेबलाला हात टेकला आणि तो माझ्यावर पडला. मला वाटलं आता फेकतील. त्यांनी मला उचललं. जिथं वैमानिकाची मूठ असायची तिथंच त्यांची मूठ आली. कामानं घट्टे पडलेला हात, बाळासोच्या हातासारखाच.

"पोरगी खोटं बोलतीया," त्या मला म्हणाल्या. "तुला ठावं हाय."

शिवी दिली नाही. मला होतं तिथं ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या. तेव्हापासून त्यांनी मला एकही शिवी दिलेली नाही. शिव्यांचा का असेना, पण मी त्यांचा धनी होतो. आता तेवढंही राहिलं नाही.

आता जगात कुठं कुठं, माझ्या ओळखीची नसलेली माणसं मला रोज उडवतात, रोज पाडतात. पाडा बापहो, माझी तक्रार नाही. पेटवा, डोंगरावर आपटा, समुद्रात बुडवा. हवेत असताना काय वाटेल ते करा. फक्त मी जमिनीवर उभा असेन तेव्हा ते बटण दाबू नका. तेव्हा माझ्यात बाळासो काम करत असतो.