अडवलेले कावळे

थोरल्या दिरांच्या, संभाजीरावांच्या दहाव्याला सोजरबाई घाटावर सगळ्यांत पुढे बसली होती, पदराखाली सासऱ्यांचं खिशातलं घड्याळ घट्ट धरून. दुःख वगैरे काही नव्हतं तिला. ती सूड घ्यायला आली होती.

तिच्या पोराला, तेजसला गाडीखाली चिरडलं ते दिरांच्या मुलाने, विक्रमने. दिरांनी विक्रमला वाचवायला ड्रायव्हरला पुढे केलं आणि ड्रायव्हर येरवड्याच्या जेलात गेला. खरं तर अपघात झाला तेव्हा तो धायरीत सोजरबाईच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. पण तिचं ऐकतो कोण? सगळी भावकी मूग गिळून गप्प.

घड्याळ देताना सासरे म्हणाले होते, "ज्याच्याकडं बघून ही चावी दाबशील, त्याचा वेळ थांबंल. पर ते फुकट राबत न्हाई. आपल्या माणसाच्या आठवणी खातं." एकदा उतू जाणारं दूध थांबवायला तिने ती दाबली, तर आईचा आवाज कायमचा विसरून बसली.

पिंड मांडले. झाडावर कावळे जमले. सोजरबाईने वर बघून चावी दाबून धरली, तसे ते जागच्या जागी थिजले.

"दादा, आईला अंतर देणार न्हाई," विक्रमने बापाच्या पिंडापुढे हात जोडले. कावळा हलेना. "मळा विकणार न्हाई." तरी हलेना.

तेजसचं पहिलं पाऊल तिच्या मनातून गेलं. मग त्याचं रुसणं, मग हसणं. जाऊ दे! विक्रमला दरदरून घाम फुटलेला बघून तिला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

गुरुजी वैतागले. "दर्भाचा कावळा शिववू. आपल्याला नसेल, पण मला कोथरूडला दुसरं काम आहे."

"न्हाई!" विक्रमची आई शालन कडाडली. "ह्यांचा जीव कशात अडकलाय, तुला ठावं हाय. बोल!"

सोजरबाईपाशी आता पोराचं नुसतं नाव उरलं होतं. तिने चावी सोडली नाही.

"गाडी मीच चालवत व्हतो, दादा!" विक्रम अखेर ओरडला. "तेजसला म्या मारलं. तुम्ही जाताना म्हणाला व्हता, कबूल कर. आजच चौकीत जातो."

तिचा अंगठा सैल झाला. कावळे पिंडांवर तुटून पडले.

विक्रमने येऊन तिचे पाय धरले. "काकी, तेजससाठी काय शिव्याशाप द्यायचे ते दे."

सगळी भावकी तिच्या तोंडाकडे बघत होती. राग छातीत होता तसाच होता, पण तो कुणासाठी ते काही केल्या सापडेना.

"ऊठ बाबा," ती गोंधळून म्हणाली. "तेजस कोन?"